जीनगराचा मुलगा

मुलांनो, घोड्यावर बसण्यासाठी त्याच्या पाठीवर चामड्याचे आसन घालतात. त्याला मराठीत खोगीर म्हणतात आणि जीन असेही म्हणतात. जीन हा शब्द तुम्हांला नवा नाही, तो तुमच्या उर्दूतही आहे. जीन, लगाम आणि चामड्याचे पट्टे तयार करणाऱ्या कारागिराला मराठीत जीनगर म्हणतात. आज तुम्हांला एका जीनगराची आणि त्याच्या धाकट्या मुलाची हकीकत सांगायची आहे. मुलाचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. तो लुई ब्रेल. त्याच्या वडिलांचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत असते. ते होते सिमों रेने ब्रेल.

फ्रान्स देशात पॅरिस शहराच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर कूव्रे नावाचे खेडे आहे. ब्रेल कुटुंब तिथे राहत असे. त्या काळी मोटारी नव्हत्या, आगगाड्याही नव्हत्या. शेतीची नांगरट, मालाची ने-आण, गावोगावचा प्रवास ही सगळी कामे घोड्यांच्या जिवावर चालत. त्यामुळे चांगल्या जीनगराला कामाची वाण नव्हती. सिमों यांचा हात कसबी होता आणि आसपासच्या गावांत त्यांना मान होता. घरची थोडी शेतीही होती. लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी झाला. त्याला दोन बहिणी आणि एक भाऊ. तिघेही त्याच्यापेक्षा बरेच मोठे. इतक्या वर्षांनी घरात पुन्हा पाळणा हलला, तेव्हा हे शेंडेफळ सर्वांचे किती लाडके असेल ते तुम्हीच ओळखा.

वडिलांचा कारखाना घराला लागूनच होता. तिथे चामड्याचा वास भरून राहिलेला असे. चामडे कापायच्या सुऱ्या, भोके पाडायच्या आऱ्या, हातोडे, खिळे, दोरे अशी कितीतरी हत्यारे तिथे असत. आरी तुम्ही पाहिली आहे का? चप्पल शिवणारा कारागीर चामड्यात भोक पाडण्यासाठी जे टोकदार हत्यार वापरतो, तीच आरी. लहान मुलाला अशी जागा जत्रेसारखी वाटते. वडील जे करतात ते आपणही करावे, असे प्रत्येक लहान मुलाला वाटते. आई पोळ्या लाटते तेव्हा घरातले धाकटे पोर कणकेचा गोळा घेऊन बसतेच ना? तसाच हा लुई.

१८१२ साल होते. लुई तीन वर्षांचा होता. एके दिवशी तो कारखान्यात शिरला. चामड्याचा एक तुकडा त्याने हातात घेतला, एक हत्यार उचलले आणि वडिलांसारखे काम सुरू केले. ते हत्यार कोणते होते, याबद्दल पुस्तकांत एकमत नाही. काही लेखक आरी म्हणतात, काही वाकडी सुरी म्हणतात. चामडे चिवट होते आणि हात कोवळे होते. हत्यार निसटले आणि थेट डोळ्यात घुसले.

घरच्यांनी होते नव्हते ते उपाय केले. पण त्या काळी जखम चिघळू नये म्हणून देण्यासारखे औषधच नव्हते. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून शंभराहून अधिक वर्षे होती. जखमी डोळा सुजला, त्यात पू झाला. मग दुसऱ्या डोळ्यालाही त्याची बाधा झाली. रोज थोडे थोडे अंधारत गेले. पाच वर्षांचा होईपर्यंत लुईची दृष्टी पूर्ण गेली.

मुलांनो, इथे जरा थांबा. चूक कोणाची होती? मुलगा तीन वर्षांचा. त्याला वडिलांसारखे काम करायचे होते, एवढेच. पण हत्यार वडिलांचे होते, कारखाना वडिलांचा होता, आणि नुकसान असे की ते भरून येणे शक्य नव्हते. अशा वेळी माणसे काय करतात? कोणी मुलावर ओरडतो, कोणी एकमेकांना दोष देतो, तर कोणी स्वतःलाच दोष देत बसतो. काही आईबाप घाबरून मुलाला इतके जपू लागतात की त्याला जागेवरून हलू देत नाहीत. त्या दिवशी ब्रेल यांच्या घरात काय बोलणे झाले, ते आपण बाजूला ठेवू. पुढच्या सात वर्षांत त्यांनी काय केले, ते मात्र पाहण्यासारखे आहे. लुई ब्रेलची गोष्ट सांगताना बहुतेक लोक अपघात सांगतात आणि लगेच सहा ठिपक्यांवर उडी मारतात. मला तर मधली ही सात वर्षे फार मोलाची वाटतात.

त्या काळी आंधळ्या माणसाचे जिणे कसे होते, ते ऐका. श्रीमंताचा मुलगा असेल तर घरात बसून राही. गरिबाचा असेल तर बहुधा रस्त्यावर हात पसरी. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत काही आंधळ्या माणसांना विचित्र टोप्या आणि खोटे चष्मे घालून वाद्ये वाजवायला बसवले होते. लोक हसावेत आणि दुकानदाराचा गल्ला भरावा, एवढ्यासाठी! आपल्या लाडक्या मुलापुढे असेच काही वाढून ठेवले आहे, ही भीती सिमों आणि त्यांची पत्नी मोनीक यांना वाटली नसेल का?

त्यात आणखी एक संकट आले. १८१४ मध्ये सम्राट नेपोलियनचा पराभव झाला आणि शत्रूचे सैन्य फ्रान्समध्ये घुसले. कूव्रे गावातही परदेशी शिपाई आले. घराघरांत त्यांना उतरवून घ्यावे लागे. ओट, गवत, गाईगुरे, जे मागतील ते द्यावे लागे. लुईची दृष्टी नुकतीच गेली होती. घराच्या वाटा तो पायांनी आणि हातांनी शिकत होता, आणि त्याच वेळी घरात अनोळखी बूट वाजू लागले, अनोळखी भाषा कानांवर येऊ लागली. असे दिवस त्या कुटुंबाने दोन वर्षे काढले.

अशा अडचणीतही सिमों यांनी मुलासाठी लाकडाची काठी तयार केली. काठी जमिनीवर टेकवत लुई घरात, अंगणात आणि मग गावात फिरू लागला. त्याला घरातली कामे सांगितली जात, जशी इतर मुलांना सांगतात तशीच. आणि ज्या कारखान्यात त्याचे डोळे गेले, त्याचे दारही वडिलांनी त्याला बंद केले नाही. लगामांना आणि घोड्याच्या साजाला शोभेसाठी झालरी लावत. त्या झालरी करण्याचे काम लुईकडे आले. बोटांनी चाचपून तो ते नीट करी. मुलांनो, हे सोपे नव्हते. लुईला सोपे नव्हते आणि वडिलांना तर त्याहून नव्हते. समोर तीच खोली, भिंतीवर तीच हत्यारे आणि शेजारी तोच मुलगा. त्याच्या हातात पुन्हा चामडे द्यायला बापाचे काळीज केवढे घट्ट असावे लागेल!

सिमों एवढ्यावर थांबले नाहीत. मुलाला अक्षरे यावीत असे त्यांना वाटत होते. पण अक्षरे दिसायची कशी? ते जीनगर होते. चामडे ठोकून बसवायचे गोल डोक्याचे खिळे त्यांच्याकडे भरपूर होते. त्यांनी लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार तयार केले. लुई बोटे फिरवी आणि अक्षर ओळखी. बोटांनी वाचण्याचा लुईचा पहिला धडा तो हाच. तो कोणत्याही शाळेत झाला नाही, बापाच्या खिळ्यांवर झाला.

पुढे गावात जाक पालुई नावाचे नवे धर्मगुरू आले. त्यांनी लुईला घरी बोलावून शिकवायला सुरुवात केली. गावातल्या शाळेचे शिक्षक होते आंत्वान बेशेरे. त्यांनी या मुलाला वर्गात घेतले. शेजारचा एक मुलगा लुईचा हात धरून त्याला शाळेत आणी. पाटी नाही, पुस्तक नाही, नुसते ऐकायचे आणि लक्षात ठेवायचे. तरीही लुई वर्गात पुढे असे. पण ऐकून ऐकून किती दिवस चालणार?

पॅरिसमध्ये आंधळ्या मुलांची एक शाळा होती. व्हालांतँ आउई नावाच्या गृहस्थांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ती काढली होती. जत्रेतला तो तमाशा आउई यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि त्यांना त्याची चीड आली होती. पालुई यांच्या खटपटीने आणि गावच्या जमीनदाराच्या शिफारशीने लुईला तिथे शिष्यवृत्ती मिळाली. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी दहा वर्षांचा लुई वडिलांबरोबर घोडागाडीतून पॅरिसला गेला. वडील परत आले आणि मुलगा तिथे राहिला.

ही शाळा एका जुन्या इमारतीत होती. भिंती ओल्या, हवा कोंदट, शिस्त कडक. मुले वारंवार आजारी पडत. पण तिथे पुस्तके होती! आउई यांनी जाड कागदावर मोठाली अक्षरे उठावदार करून छापली होती. बोटांनी ती वाचता येत. मात्र एक एक अक्षर चाचपायला वेळ लागे, ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायला होई. पुस्तके फार जड आणि मोजकीच. शिवाय अशी अक्षरे वाचता आली तरी आंधळ्या माणसाला स्वतः लिहिता येत नसत. शिक्षण असे अर्धेच राहत होते.

शाळेत मुलांना हातकामही शिकवत. सपाता तयार करण्याच्या कामात लुई इतका तरबेज झाला की त्या कामावर त्यालाच मुकादम नेमले. जीनगराच्या घरातला हात तो! संगीतातही त्याने चांगली गती मिळवली.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिए नावाचे एक गृहस्थ शाळेत आपली नवी पद्धत घेऊन आले. ते पूर्वी लष्करात अधिकारी होते. त्यांच्या पद्धतीत अक्षरांच्या रेषा नव्हत्याच, कागदावर टोचून उठवलेले ठिपके होते. लुईला आणि त्याच्या मित्रांना हे फार आवडले, कारण बोटाला रेषेपेक्षा ठिपका लवकर कळतो. खिळ्यांवर अक्षरे शिकलेल्या मुलाला तर ते लगेच पटले असणार.

पण त्या पद्धतीत दोन मोठ्या अडचणी होत्या. एका खुणेत बारापर्यंत ठिपके असत. बोटाचे टोक एवढेसे, त्याच्याखाली बारा ठिपके एकदम मावत नसत. दुसरी अडचण तुम्हांला चटकन समजेल. बार्बिए यांच्या खुणा अक्षरांच्या नव्हत्या, आवाजांच्या होत्या. आता उर्दूत ‘स’ हा आवाज से, सीन आणि स्वाद अशा तीन अक्षरांनी लिहितात. नुसता आवाज लिहिला तर बरोबर इमला कसा कळणार? फ्रेंच भाषेतही बोलण्यात एक आणि लिहिण्यात दुसरे असे पुष्कळ होते. विरामचिन्हे आणि आकडे यांचीही सोय नव्हती.

लुई बारा वर्षांचा होता. तो कामाला लागला. दिवसा वर्ग असत, म्हणून रात्री आणि पहाटे. सुट्टीत गावी गेला तरी कागद आणि टोचणी त्याच्याबरोबर असे. ही टोचणी म्हणजे लाकडी मुठीत बसवलेले लोखंडी टोक. आरीचीच धाकटी बहीण! घरात तशा हत्याराचा आवाज ऐकून आईवडिलांच्या मनात काय येत असेल? पण मुलाच्या हातातून ती त्यांनी काढून घेतली नाही.

तीन वर्षांनी, १८२४ मध्ये, पंधरा वर्षांच्या लुईची लिपी जवळजवळ तयार झाली. तिची युक्ती साधी आहे. लुडोच्या फाशावरचे सहा ठिपके डोळ्यांसमोर आणा. डावीकडे वरून खाली तीन, उजवीकडे वरून खाली तीन. त्यांतला कोणता ठिपका उठवायचा आणि कोणता नाही, एवढ्यावर वेगवेगळ्या ६३ खुणा होतात. अक्षरे, आकडे, विरामचिन्हे, संगीताचे स्वर, सगळे त्यात बसते. आणि प्रत्येक खूण बोटाच्या टोकाखाली एकदम मावते. १८२९ मध्ये या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. तोपर्यंत लुई त्याच शाळेत शिकवू लागला होता.

ही लिपी हाताने कशी लिहितात, हे तुम्ही मुद्दाम समजून घ्या. ओळीओळीने छोट्या खिडक्या असलेल्या पट्टीखाली कागद धरतात आणि वरून टोचतात. ठिपका उठतो तो कागदाच्या पाठीमागे. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचे, आणि कागद उलटून वाचताना डावीकडून उजवीकडे! म्हणजे लिहायचे तुमच्या उर्दूसारखे आणि वाचायचे मराठीसारखे. दोन्ही लिप्या शिकणाऱ्या तुमच्यासारख्या मुलांना ही गंमत इतरांपेक्षा जास्त कळेल. ब्रेलमधली उर्दूसुद्धा डावीकडून उजवीकडेच वाचतात.

१८३१ मध्ये सिमों ब्रेल वारले. शेवटच्या आजारात त्यांना एकच काळजी होती. शाळेचे प्रमुख पिन्ये यांना त्यांनी पत्र पाठवून विनंती केली, की माझ्या मुलाला कधी अंतर देऊ नका. लुई तेव्हा बावीस वर्षांचा, स्वतःच्या पायांवर उभा असलेला शिक्षक होता. बापाला मात्र तो अजून हात धरून न्यावा असाच वाटत होता. पिन्ये यांनी ती विनंती पाळली. ते लुईचे कायमचे हितचिंतक राहिले.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. पंचविशी ओलांडल्यावर लुई ब्रेल यांना क्षयाने गाठले. त्या रोगालाही तेव्हा इलाज नव्हता. तब्येत ठीक असेल तेव्हा ते शिकवत आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. थकले की कूव्रेला आईजवळ विश्रांतीला जात. १८४० मध्ये पिन्ये यांना शाळेतून काढले. नवे प्रमुख द्युफो यांना ठिपक्यांची लिपी पसंत नव्हती. आंधळ्यांची लिपी डोळस माणसांपेक्षा वेगळी असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी ती वर्गातून बंद केली. पण मुलांनी ती सोडली नाही. कोणी पाहत नसताना ती एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत, वह्या उतरवीत. डोळस माणसांनी कितीही सांगितले, तरी कोणती लिपी सोयीची हे बोटांनाच ठाऊक होते. शेवटी द्युफो यांचे सहकारी गादे यांनी त्यांचे मन वळवले. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात, शेकडो लोकांसमोर, ब्रेल लिपीत लिहून आणि वाचून दाखवण्यात आले. सभागृहात लुई ब्रेल हजर होते.

६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळीसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, ते वारले. त्यांच्या सामानात एक लहान पेटी होती. ती न उघडता जाळावी, असे त्यांनी सांगून ठेवले होते. मित्रांना राहवले नाही. त्यांनी ती उघडली. आत विद्यार्थ्यांनी आणि ओळखीच्यांनी घेतलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांची इच्छा होती की हे कर्ज कोणी फेडू नये. मग त्या चिठ्ठ्या जाळून टाकल्या.

दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, शाळेने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली. हळूहळू ती जगभर पसरली. आपल्या देशात निरनिराळ्या भाषांसाठी आधी निरनिराळ्या ब्रेल लिप्या चालत. त्यामुळे मोठा घोटाळा होई. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरवण्यात आली. तिच्यात एका आवाजाला बहुधा एकच खूण असते. मराठीचा ‘ब’ आणि उर्दूचा ‘बे’ कागदावर किती वेगळे दिसतात! ब्रेलमध्ये दोघांचे ठिपके तेच, डावीकडचे वरचे दोन. ‘म’ आणि ‘मीम’ही तसेच. २००९ मध्ये लुई ब्रेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली, तेव्हा भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले दोन रुपयांचे नाणे काढले. त्यावर त्यांचे नाव ब्रेल लिपीतही आहे. घरातल्या जुन्या नाण्यांत शोधून पाहा, आणि मिळाले तर डोळे मिटून त्यावर बोट फिरवा.

कूव्रेतले ते घर आजही उभे आहे. तिथे आता संग्रहालय आहे आणि वडिलांचा कारखाना पाहायला मिळतो. लुई ब्रेल यांना त्यांच्या गावातच पुरले होते. १९५२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर, फ्रान्सने त्यांचा देह पॅरिसला नेला आणि देशातल्या थोर माणसांच्या शेजारी पँथियनमध्ये ठेवला. गावकऱ्यांनी फक्त एक गोष्ट मागून घेतली. जीनगराच्या त्या मुलाचे दोन्ही हात कूव्रेच्या जुन्या थडग्यावर, एका लहानशा पेटीत आहेत.